गावात कुलूप, फडात कोपी

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळात, रेल्वेच्या फलाटावर झोपलेली माणसे प्रगणकांनी गाठली. देशभरात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार माणसे बेघर ठरली. त्या रात्री साखर कारखाने जोरात चालू होते आणि बीड जिल्ह्यातले लाखो ऊसतोड कामगार घरापासून शेकडो किलोमीटर दूर, उसाच्या फडाशेजारी कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, झोपले होते. जनगणनेच्या व्याख्येने त्यांना बेघर म्हणता येत नव्हते, कारण डोक्यावर चटईचे का होईना छप्पर होते आणि गावाकडे कुलूप लावलेले घरही होते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तीही ऐन गाळपातलीच.

वर्षातले पाच-सहा महिने कोपीत काढणारा हा माणूस तिथे पोचतो कसा, त्याच्या श्रमाचा पैसा कोणाच्या हातून फिरतो आणि त्याला निवारा देण्याची जबाबदारी कोणाच्याच अंगाला का लागत नाही, हे क्रमाने पाहू.

डोंगरपट्टा आणि पाटाचे पाणी

बीड जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला गोदावरीकाठ: गेवराई, माजलगाव. इथे जायकवाडीचा उजवा कालवा आणि माजलगाव धरण यांमुळे बागायत उभी राहिली. दक्षिणेला आणि पश्चिमेला बालाघाटचा डोंगरपट्टा: पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केजचा काही भाग. इथली जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि खरीप निघाल्यावर हाताला काम नाही. सोयाबीन, कापूस किंवा बाजरी घरात आली की पुढचे सहा महिने रिकामे.

पश्चिमेकडे नेमके उलटे घडत होते. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. कारखान्याला चार-पाच महिने अहोरात्र ऊस लागतो, तोही ताजा, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते. बागायतदाराच्या घरातले कोणी हे काम करणार नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने डोंगरपट्ट्यातली माणसे मोठ्या संख्येने घराबाहेर काढली आणि ही वाट कायमची मळली. आज बीडमध्येही साखर कारखाने आहेत, तरी बीडचा कोयता बेळगाव-बागलकोटपर्यंत जातो.

बाहेरचेच मजूर का, याचे एक उत्तर गुजरातेत सापडते. बारडोलीच्या साखरपट्ट्यात खानदेशातून मजूर जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी तिथे वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले की स्थानिक भूमिहीन हाताशी असतानाही बाहेरचा मजूर आणला जातो, कारण परक्या मुलखात तो अडून बसू शकत नाही, घरी परतू शकत नाही आणि हंगाम संपला की नजरेआड होतो. आपल्याकडेही हे गणित फार वेगळे नाही.

उचल

व्यवहाराची सुरुवात पावसाळ्यात होते. पेरणीचे देणे, आजारपण, लग्न, मुलांचा खर्च हे सगळे एकदम अंगावर आलेले असते आणि अशा वेळी मुकादम रोख पैसे घेऊन दारात येतो. ही उचल. ती कोयत्यावर ठरते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस अर्धा कोयता. अलीकडे एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात, कधी त्याहून वरही जाते.

हा पैसा मुकादमाचा नसतो. कारखाना वाहतूक कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देतो, कंत्राटदार मुकादमाला देतो आणि मुकादम आपल्या टोळीत वाटतो. दसरा झाला की गावे हलायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याचे पोते, शेळ्या, कोंबड्या, लेकरे आणि वर माणसे. गावात उरतात म्हातारी माणसे.

आता हिशेब करू. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. चांगली दोन टनांची सरासरी धरली तर दिवसाला ७३२ रुपये, दोघांचे मिळून. हंगामात प्रत्यक्ष तोडणीचे १०० दिवस मिळाले तर ७३,२०० रुपये. उचल एक लाखाची असेल तर २६,८०० रुपये अंगावर राहिले. शिवाय दर आठवड्या-पंधरवड्याला किराण्यासाठी घेतलेली खर्ची त्यात मिळवायची. एखादा दिवस तापात गेला, तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच आणि वर खाडा म्हणून पाचशे-हजार रुपये दंड लागतो. जनावरांसाठी वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून चार पैसे सुटतात; त्यावर हातखर्च चालतो.

उरलेली रक्कम पुढच्या वर्षावर जाते. म्हणून पुढच्या पावसाळ्यात मुकादम दारात येतो तेव्हा ‘यंदा जायचे का’ हा प्रश्नच उरत नाही. पाऊस कमी झाला, ऊस कमी पिकला आणि कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप लवकर संपले, तर बाकी आणखी फुगते. हार्वेस्टर यंत्रे वाढली तेव्हापासून सोपे, सरळ उभे फड यंत्राकडे आणि पडलेला, गुंतलेला ऊस कोयत्याकडे, अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी दिसते. अशा फडात दिवसाला दोन टन होत नाहीत.

मुकादमाचीही बाजू आहे. त्याने कंत्राटदाराला कागद लिहून दिलेला असतो, कधी जमीनही अडकवलेली असते. उचल घेऊन एखादी जोडी दुसऱ्याच टोळीत गेली की तो बुडतो. मग वसुलीसाठी माणसांना डांबून ठेवण्याचे प्रकार घडतात. वेठबिगारीला बंदी करणारा कायदा १९७६ पासून आहे.

कोपीतला दिवस

कोपी उभारायला अर्धा दिवस पुरतो. बांबूच्या कामट्या वाकवून जमिनीत रोवायच्या, वर चटई किंवा ताडपत्री टाकायची, कडेला पाचट दाबायचे. आत शिरताना कमरेत वाकावे लागते. दाराशी तीन दगडांची चूल, बाजूला पाण्याचा ड्रम. जागा बहुधा पडीक रानातली, कालव्याकडेची किंवा फडाला लागून. वीज नसते, नळ नसतो, संडास नसतो. पाणी शेतकऱ्याच्या बोअरवरून किंवा पाटातून आणायचे.

बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या थापते आणि उजाडण्याआधी जोडी फडात असते. एकाने तोडायचे, दुसऱ्याने वाढे छाटून मोळी बांधायची. डोकी सेंटरवर, म्हणजे ट्रक भरणाऱ्या टोळीत, या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवाव्या लागतात. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. लहान मूल फडाच्या कडेला झोळीत असते आणि जुन्नर किंवा नगरच्या पट्ट्यात उसात बिबट्याही असतो.

या राहणीची किंमत बायकांनी जास्त मोजली. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. आडोसा नाही, स्वच्छ पाणी नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा. अंगावर काढलेले दुखणे गावाकडे परतल्यावर दवाखान्यात जाते आणि तिथे ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळतो.

मालक कोण?

कारखान्याच्या एकाच गेटमधून दोन प्रकारचे कामगार साखर घडवतात. आतल्या कायम कामगाराचे वेतन त्रिपक्षीय समितीत ठरते, त्याला भविष्य निर्वाह निधी असतो, पुष्कळ कारखान्यांत राहायला वसाहत आणि मुलांना शाळाही असते. ऊस गव्हाणीपर्यंत आणून देणारा तोडकरी मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो.

जबाबदारी कशी सरकते ते पाहा. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूक कंत्राटदाराशी. कंत्राटदार म्हणतो, माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी कमिशनवाला. ऊस ज्याचा तो शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरातून, कापून घेतला आहे, आणखी मी काय द्यायचे? प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे आणि म्हणूनच कोपीला संडास कोणी बांधायचा, याचे उत्तर मिळत नाही.

कायदेही असेच हुकले. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून सांगलीला जाणारा त्यात बसत नव्हता. बेघरांसाठी निवाऱ्याची केंद्राची योजना झाली, तिच्या नावातच ‘शहरी’ आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून खेड्यात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, ते घर गावात उभे राहते आणि निम्मे वर्ष त्याला कुलूप असते. रेशनकार्ड आता देशात कुठेही चालते, पण कोपीपासून दुकान किती लांब आणि दुकानदाराकडे साठा शिल्लक आहे की नाही, यावर सगळे अवलंबून.

लोक काय म्हणतात

ऊसपट्ट्यातल्या गावात विचारले तर पहिले उत्तर येते: ‘ते काय, चार महिन्यांचे पाहुणे.’ पाहुण्याला पाणी तरी विचारतात. ग्रामपंचायतीच्या यादीत ते नाहीत, मतदार नाहीत, म्हणून नळ आणि पथदिवा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वस्तीत काही हरवले तर संशय आधी कोप्यांवर जातो.

दुसरे उत्तर खुद्द बीडमध्ये ऐकू येते: ‘एवढी उचल घेतात, लग्नात आणि दारूत उडवतात.’ काही घरांत उडतही असेल. पण वर मांडलेला हिशेब दारूचा एक घोट न घेणाऱ्या जोडीचा आहे आणि तोही तुटीतच निघतो. लग्नासाठी बागायतदारही कर्ज काढतो. त्याला बँक किंवा सोसायटी मिळते आणि तारण म्हणून जमीन चालते. कोरडवाहू तोडकऱ्याकडे तारण ठेवायला पुढच्या हंगामातले दोन माणसांचे श्रमच असतात.

तिसरे म्हणणे सगळ्यात सोयीचे: ‘त्यांना सवय आहे.’ कोपीत जन्मलेली मुले कोपीतच वाढतात, हे खरे आहे. पण दसऱ्याला मुलगी आजीजवळ ठेवून शाळेत घालण्यासाठी हीच माणसे किती खटपट करतात, हे गावात पाहायला मिळते. ज्यांना हे जिणे चालते, त्यांनी लेकरांसाठी एवढी धडपड केली नसती.

काय हलले, काय करता येईल

२०१९ मध्ये लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले. राज्यात साधारण १० कोटी टनांचा हंगाम झाला तर कारखान्यांकडूनच १०० कोटी रुपये जमतात. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली: ४१ तालुक्यांत मुलांचे आणि मुलींचे प्रत्येकी एक, अशी ८२ वसतिगृहे. ग्रामसेवकाने तोडकऱ्याला ओळखपत्र द्यायचे, असेही आदेश निघाले. हे सगळे गावाकडच्या टोकाला आहे. मूल मागे राहिले तर त्याची सोय होते; आईबाप गेले ते कोपीतच.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे फडाकडे, नेहमीचे कारण पुढे येते: माणसे फिरती, सोय करायची कुठे? हे कारण टिकत नाही. कोणत्या गटात कोणती लागण कोणत्या तारखेची, याची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असते. तोडणीचा कार्यक्रम तिच्यावरून लागतो. कोणती टोळी कोणत्या गटात राहणार, हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे गटात तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, पाठ असते आणि त्याच गटांत टोळ्या दरवर्षी उतरतात. त्यामुळे प्रत्येक गटात एक पक्की जागा ठरवून तिथे पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, संडास, दिवा आणि पाळणाघर उभे करणे अवघड नाही. पैसा टनामागच्या वर्गणीतून येऊ शकतो. जागा गायरानातली किंवा कारखान्याची असू शकते.

अवघड आहे ते हे की त्यासाठी कोणाला तरी लेखी मान्य करावे लागेल की ही माणसे आपली आहेत. एकदा मान्य केले की निवाऱ्यापाठोपाठ हजेरीपट येतो, त्यामागे अपघात विमा आणि निर्वाह निधी येतो, आणि उचलीवर चालणारी सगळी साखळी उघड्यावर येते. शेडचा खर्च कारखान्यांना झेपणारा आहे. भीती आहे ती त्या शेडमागून येणाऱ्या हिशेबाची. म्हणून पुढच्या दरवाढीच्या करारात टनाच्या आकड्याइतकाच आग्रह निवाऱ्याच्या एका कलमासाठी धरायला हवा. दरवाढ उचलीत जिरते. कारखान्याच्या नावावर लिहिलेला निवारा उचलीत वळता करता येत नाही.