प्रत्येकाला एक खुंटी

पाहुणे येणार असं कळलं की आपल्याकडे पहिली धावपळ होते ती पसारा लपवण्याची. खुर्चीवरचे कपडे पलंगाखाली जातात, वर्तमानपत्रं गादीखाली जातात आणि पाहुण्यांची पाठ वळली की सगळं पुन्हा वर येतं. त्या वस्तूंना मुळात जागाच नसते. मग आपण म्हणतो, घर लहान आहे, एक कपाट घ्यायला हवं. कपाट न घेता काय करता येईल, ते आज सांगते.

आधी थोडा हिशेब. मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. तिथली खोली साधारण १६० चौरस फुटांची. समजा, अशी खोली १६ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. जमीन १६० चौरस फूट झाली, पण चार भिंती मिळून ५२० चौरस फूट होतात. दारं-खिडक्या वजा केल्या तरी जमिनीच्या अडीचपट भिंत हाताशी उरते. कपाट जमीन अडवतं आणि त्याचं दार उघडायला पुढची जागाही मोकळी ठेवावी लागते. भिंतीचं तसं नाही. जुन्या घरांतला कोनाडा, फडताळ, खुंटी, शिंकं हे सगळं जमीन न अडवणारंच होतं.

सुरुवात दारामागून करा. एक जुनी सुती साडी घ्या. पाचवारी साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. नऊ फुटांचा तुकडा कापून तो पन्ह्यात एकदा आणि लांबीत एकदा दुमडला की चार पदरी, साडेचार फूट लांब पट्टी तयार होते. तिला गोधडीसारखा धावदोरा घाला. जुन्या पँटच्या कापडाचे खिसे तिच्यावर शिवा. खिशाच्या तळाला दोन चुण्या घेतल्या की आत वस्तू नीट बसते. वरच्या बाजूला नेफा करून त्यात काठी सरकवा आणि दोन खिळ्यांना टांगा. मोजे, कंगवे, विजेची बिलं, रुमाल सगळं त्यात जातं. औषधं मात्र लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवरच ठेवा.

दुसरी गोष्ट फळी. सुताराकडे प्लायवूडचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. फळी लावताना आधारांमधलं अंतर दोन फुटांच्या आसपास ठेवा. हे अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाने फळी आठपट झुकते. पुस्तकांचं वजन फार असतं, ती काठाशी, म्हणजे आधाराजवळ ठेवावीत. नुसत्या गिलाव्यात खिळा ठोकून भागत नाही. भोक विटेपर्यंत जायला हवं, त्यात प्लास्टिकची गिट्टी बसवून मग स्क्रू पिळावा. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, आत वायर असू शकते. झोपायच्या जागेच्या डोक्यावर जड फळी तर नकोच.

तिसरी गोष्ट आंब्याची लाकडी पेटी. फळबाजारात रिकाम्या पेट्या मिळतात. बाहेर आलेले खिळे काढून टाका, पॉलिशपेपरने घासा, दोन दिवस कडक ऊन दाखवा आणि मग रंग द्या. आडवी ठेवली की पुस्तकांचा कप्पा, उभी ठेवली की चपलांचा. दोन पेट्या एकमेकींवर ठेवायच्या असतील तर त्या स्क्रूने जोडून भिंतीलाही पक्क्या करा, कारण मुलं त्यावर चढतात. पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते. तिथे पेटी भिंतीला चिकटवू नका, मागे दोन बोटं हवा खेळू द्या, नाहीतर पुस्तकांना बुरशी लागते.

सजावट यातूनच होते. उघड्या फळ्यांपुढे जरीकाठाच्या साडीचा पडदा सोडला की पसाराही झाकतो आणि भिंतही उठून दिसते. पेटीला गेरूसारखा तांबूस रंग देऊन काठाला पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी काढली तर बाजारातलं शोभेचं काही आणावं लागत नाही.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. घरात जागा वाटली जाते तेव्हा ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. टीव्हीला जागा असते, घरातल्या कर्त्या पुरुषाच्या कागदपत्रांना जागा असते. सुनेची शिलाईची पिशवी मात्र रोज इकडून तिकडे फिरते. आजींची पोथी आणि चष्मा कुणीतरी उचलून ठेवतं आणि मग दुपारभर त्या शोधत बसतात. शाळेत जाणाऱ्या मुलाचं दप्तर चपलांशेजारी पडलेलं असतं. त्यांना आपण वेंधळे म्हणतो. ठेवायला जागा दिलेली नसताना कुणी वस्तू जागेवर कशी ठेवणार?

म्हणून या रविवारी हातोडी घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझी कोणती वस्तू रोज हरवते? त्या उत्तरांची यादी करा आणि पहिली खुंटी तिथूनच ठोका. आजींची खुंटी त्यांचा हात पोचेल तिथे, मुलाची त्याच्या खांद्याच्या उंचीला.