जुन्या गोष्टीकडे नव्या नजरेने



गटात नवी बाई आली की मी नोंदवहीत तिची माहिती भरते. ‘व्यवसाय’ या रकान्याशी आलं की बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, “काही नाही, घरीच असते.” हे ‘काही नाही’ एका मोठ्या लेखिकेलाही बराच काळ दिसलं नव्हतं. आज तिच्याबद्दल बोलू.

अमेरिकेतल्या उर्सुला ले ग्विन यांचा जन्म १९२९ चा. मुलं झोपली की रात्री त्या लिहायला बसत. १९६८ मध्ये त्यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी आली आणि खूप गाजली. तिच्यात बेटांचं जग आहे, ड्रॅगन आहेत आणि गेड नावाचा शेळ्या राखणारा मुलगा आहे. तो पुढे मोठा जादूगार होतो. जादूची शाळा मात्र फक्त मुलांचीच. बायकांची जादू हलकी, असं त्या जगात सगळेच मानतात. १९७१ च्या दुसऱ्या भागात टेनार ही मुलगी महत्त्वाची होती, पण १९७२ च्या तिसऱ्या भागात ती प्रत्यक्ष येत नाही.

मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘टेहानू’ आली. आता टेनार शेतकऱ्याची विधवा आहे. घरच्यांनीच आगीत टाकलेल्या एका मुलीला ती वाढवते आहे. गेडची जादू संपलेली आहे. कादंबरीत स्वयंपाक आहे, शेळ्या आहेत, भांडी आहेत. टेनारचा मुलगा जेवून उठतो, पण ताट उचलत नाही. ते बायकांचं काम, असं त्याला वाटतं. गेडला त्यात कमीपणा वाटत नाही. आपण मुलाला हे शिकवलंच नाही, ही खंत टेनारला लागते.

काही वाचकांना हा बदल रुचला नाही. पण १९९२ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात ले ग्विन यांनी मागे वळून पाहिलं. पूर्वीच्या कथा आपण पुरुषांच्या चालत आलेल्या चौकटीतच लिहिल्या, हे त्यांनी मोकळेपणाने मांडलं. जुनी पुस्तकं त्यांनी नाकारली नाहीत. त्याच जगात परत जाऊन राहिलेलं लिहिलं. २०१८ मध्ये त्या गेल्या.

मीही तो रकाना कितीदा ‘गृहिणी’ लिहून पुढे ढकलला आहे. आता थांबून विचारते, “सकाळी उठल्यापासून काय काय करता?” मग शेळ्या, निंदणी, शिवण, सगळं निघतं. रकाना पुरत नाही.

तुमच्या रकान्यात काय लिहायचं, ते येत्या बैठकीत सांगा.