१९६५ : विजय कोणाचा?

संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे असताना झालेल्या १९६५ च्या भारत-पाक युद्धात विजय कोणाचा, हा वाद अद्याप निकालात निघालेला नाही. पाकिस्तान ६ सप्टेंबर हा संरक्षणदिन म्हणून साजरा करतो. परंतु ऑगस्टमध्ये काश्मिरात घुसखोर धाडून जो उठाव घडवावयाचा होता तो घडलाच नाही, आणि म्हणूनच माझ्या मते पारडे भारताकडे झुकते. मात्र पाकिस्तानातील फिलोरा सर करणारे पूना हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडूनही तेथील चविंडा हे ठाणे हाती आले नाही, हे आपणही सहसा सांगत नाही. पुढे १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारान्वये काश्मिरातील हाजी पीर खिंडीसह जिंकलेला मुलूख सोडून उभय सैन्ये ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतली.