मायक्रोफोनचा कान

सभेंत अगर आकाशवाणीच्या केंद्रांत वक्त्यापुढें उभा असलेला मायक्रोफोन सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच्या जाळीआड काय असतें, हें थोड्यांनाच ठाऊक असेल. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनमध्यें ऐकण्याचें काम करणारी जी लहानशी डबी असते, तीस 'कॅप्सूल' म्हणतात. ती कशी करतात, बिघडल्यास कशी सुधारतात व दोहोंची तुलना कशी करावी, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम तिचें तत्त्व पाहूं. धातूच्या दोन तबकड्या एकमेकींस न चिकटतां समोरासमोर ठेविल्या, तर त्यांवर विद्युद्भार सांठवितां येतो. भार कायम राखून त्यांमधील अंतर बदललें, कीं विद्युद्दाब बदलतो. आतां एक तबकडी जाड व स्थिर ठेवून दुसरीच्या जागीं अतिशय पातळ पडदा ताणून बसविला, तर ध्वनिलहरींनीं तो कांपतो, आणि त्या कंपाबरोबर विद्युद्दाब कमीजास्त होतो. या तत्त्वावरील मायक्रोफोनचें वर्णन अमेरिकेंतील ई. सी. वेंटे यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९२८ सालीं बर्लिन येथें गेऑर्ग नॉयमान यांनीं असे मायक्रोफोन करण्याचा कारखाना काढला. तेथील 'एम ७' ही कॅप्सूल फार नांवाजली.

तिच्या रचनेंत खरी कसोटी हाताची आहे. पडदा व तबकडी यांमधील अंतर आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही बहुधा कमी असतें. पडद्यावर सोन्याचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. तबकडीस कांहीं आरपार व कांहीं अर्धवट छिद्रें पाडलेलीं असतात. त्यांतील हवा पडद्याचें कंपन आवरून धरते. तबल्याच्या पुडीप्रमाणें येथेंही सर्व गुण ताणावर अवलंबून आहे. ताण कमी पडला, तर विद्युत्‌-आकर्षणानें पडदा तबकडीस चिकटतो. अधिक झाला, तर कॅप्सूल मंद आवाजास बधिर होते.

आतां दुरुस्तीविषयीं. विद्युद्भारामुळें पडदा धूळ ओढून घेतो, आणि दमट हवेंत भार गळूं लागला, कीं चरचर असा आवाज येतो. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत म्हणूनच असा मायक्रोफोन आर्द्रता शोषणाऱ्या पदार्थासह बंद डब्यांत ठेवावा. पडद्यावर फुंकर घालूं नये, बोट तर कदापि लावूं नये. 'एम ७' चा पडदा पी. व्ही. सी. चा असे, तो कालांतरानें कडक होतो, आक्रसतो व शेवटीं चिरतो. मग कारागिरापुढें कठीण प्रश्न उभा राहतो: जुना पडदा ठेवावा, तर कॅप्सूल मुकी होण्याचें भय, बदलावा, तर जुना स्वर पुन्हां मिळेलच अशी खात्री नाहीं. यास्तव शहाणा कारागीर पडद्यास हात लावण्यापूर्वीं दोष अन्यत्र, तारेंत किंवा व्हॉल्व्हमध्यें तर नाहीं ना, हें पाहतो. विद्यार्थ्यांनीं मात्र व्हॉल्व्हच्या मायक्रोफोनची वीजपेटी स्वतः उघडूं नये. तींतील विजेचा दाब प्राणघातक ठरूं शकतो.

तुलना करणें हें त्याहून नाजूक काम होय. दोन कॅप्सुली पारखावयाच्या, तर त्या एकाच मायक्रोफोनमध्यें आळीपाळीनें बसवाव्या. विद्युद्दाब, अंतर, दिशा व खोली हीं तींच असावींत, आणि एकाच गायकाकडून तेंच पद म्हणवून घ्यावें. दोहोंचा आवाज मोजून सारखा करणें अवश्य आहे. कारण किंचित्‌ मोठा असलेला आवाज कानास नेहमीं अधिक गोड वाटतो. शिवाय कोणती कॅप्सूल चालू आहे, हें ऐकणारास सांगूं नये. नाहींतर प्रसिद्ध नांवच कानापेक्षां अधिक ऐकूं लागतें.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व स्थिर ठेवावें, मग निर्णय द्यावा, हाच शास्त्राच्या सर्व परीक्षांचा नियम आहे. प्रयोगशाळेंत तो पाळणें सोपें. ज्या वस्तूवर आपलें मन बसलें आहे, तिच्याविषयीं तो पाळणें कठीण, आणि म्हणूनच त्याची संवय शाळेंतच लागावी.