थेट तारेवर

सकाळी ८.४०
भोसरी एमआयडीसी. पत्र्याच्या शेडमध्ये जुनं पॅकिंग मशीन उघडून ठेवलंय. जुना कंट्रोलर काढला, त्याच्या जागी लिनक्सवर चालणारा छोटा संगणक बसवला. पुढे तीन सर्वो ड्राइव्ह, तीन मोटारी. प्रोग्राम लिहिणारी मुलगी सव्वीस वर्षांची आहे. पगार तीस हजार, बसभाडं त्यातूनच. जोडीला फिटर काका, हजेरी आठशे.

९.२०
प्रोग्राम चालवला. पडद्यावर उत्तर आलं, परवानगी नाही.

एरवी प्रोग्राम फक्त पत्ता आणि पोर्ट सांगतो, बाकीची बांधाबांध लिनक्सचा कर्नल करतो. इथे तसं नाही. ड्राइव्ह इथरकॅटवर चालतात. बेकहॉफ कंपनीने २००३ मध्ये आणलेली ही पद्धत आयपी पत्ता मागतच नाही. म्हणून तिने रॉ सॉकेट उघडलंय, थेट नेटवर्क कार्डाशी बांधलेलं. असं सॉकेट तारेवरचं सगळं ऐकू शकतं, खोट्या नावाने पाठवूही शकतं. त्यामुळे खास अधिकाराशिवाय कर्नल ते कुणालाही उघडू देत नाही.

काल संध्याकाळी तिने प्रोग्रामला ‘कॅप नेट रॉ’ हा अधिकार दिला होता. सकाळी पुन्हा कंपाइल केलं, फाइल नवी झाली, अधिकार गेला. तो तिने परत दिला. सगळं रूटवर चालवलं असतं तर हा खटाटोप वाचला असता. पण ती तसं करत नाही. लागेल तेवढीच मुभा. मला हे फार पटलं.

१०.१०
आता फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारं माहितीचं पाकीट. सुरुवातीचे १४ बाइट तिचे तिने भरायचे: ६ पोचण्याचा पत्ता, ६ पाठवणाऱ्याचा, २ प्रकाराचे. प्रकार ८८ए४. हेच दोन बाइट सॉकेटला सांगताना उलटे पडले की ते भलत्याच फ्रेमची वाट बघत बसतं, चूक झाल्याचं कुठे दिसतही नाही. ती वहीत चौकोन आखून एकेक बाइट पेन्सिलीने तपासते. शेवटचे ४ बाइट, तपासणीचे, कार्ड स्वतः लावतं.

११.३०
शेजारच्या खिडकीत टीसीपीडंप. तारेवर तिने न पाठवलेल्या फ्रेम दिसतायत. संगणकाचा नेटवर्क मॅनेजर मधूनमधून आयपी पत्ता मागतोय. या तारेवर तो द्यायला कुणी नाही. तिने ते कार्ड त्याच्या ताब्यातून काढलं. तार मोकळी झाली.

१.१५
जेवण. तिच्या डब्यात चपाती आणि दोडक्याची भाजी. काकांचे दोन वडापाव. चहाचे पैसे काकांनी दिले.

२.००
मोटारी सुरू. फ्रेम एका ड्राइव्हमधून दुसऱ्यात जाते, कुठे थांबत नाही. जाता जाता प्रत्येक ड्राइव्ह आपला आदेश उचलतो, आपली स्थिती त्यात ठेवतो आणि फ्रेममधला आकडा ३ ने वाढवतो. तीन ड्राइव्ह, म्हणजे परत येताना ९ हवेत. ९ येतायत. वेग वाढवला आणि ६ आले. तिसरी मोटार थांबली.

“काका, तिसऱ्यापर्यंत पोचतच नाहीये.”

“प्रोग्राम बघ ना ताई आधी.”

“प्रोग्रामच सांगतोय. दुसऱ्याच्या पुढची केबल बघा.”

२.४०
काका गुडघ्यांवर बसून पट्ट्या कापतात. दुसऱ्या-तिसऱ्यामधली केबल मोटारीच्या जाड वायरीसोबत आवळून बांधलीय. मशीन हललं की तिला ओढ बसते. प्लग हाताने हलवला, ड्राइव्हचा हिरवा दिवा गेला.

नवी केबल तीन मीटर, शिल्डवाली. कनेक्टर दोन. काका चष्मा कपाळावर चढवतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. इथरकॅटच्या वेगाला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्या चारच तारा लागतात, तरी ते आठही नीट बसवतात. क्रिंपर दाबला. पहिला कनेक्टर वाया गेला, एक तार मागे राहिली. तीस रुपये गेले. दुसऱ्या वेळी बसला. केबल वेगळ्या वाटेने नेली, थोडी सैल ठेवली.

४.५०
पूर्ण वेग. दर मिलिसेकंदाला एक फ्रेम. ९. अर्धा तास ९ च. मालक येऊन उभे राहतात, मोटारींकडे बघतात, आकड्याकडे नाही.

६.१५
ती बिलाच्या कागदावर लिहिते: केबल ३ मीटर, कनेक्टर ३. वाया गेलेला धरायचा का, काका विचारतात. ती धरते. मग बिल्डच्या फाइलमध्ये एक ओळ घालते, कंपाइल झालं की अधिकार आपोआप परत मिळावा म्हणून. उद्या दुसरी पाळी हे मशीन चालवणार आहे.