सही करण्याआधी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण माहेरापासून ऐकत आलो. पण पोटगी थांबली किंवा भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं, तर वकिलाची फी आणायची कुठून? मैत्रिणींनो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो. घरातली मिळकत कितीही असो, ती आड येत नाही. अर्ज वाईच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे द्यायचा.

हात अडखळतो तो अर्ज लिहितानाच. तिथं लॉ कॉलेजची मुलं उपयोगी पडतात. २००९ च्या योजनेनुसार त्यांना विधी स्वयंसेवक होता येतं. कोर्टात उभं राहून भांडणं त्यांचं काम नव्हे. पण ती कागद वाचून दाखवतात, अर्ज भरून देतात, सोबत येतात. मला तर ही सोबतच मोठी वाटते. काळ्या कोटापुढं गप्प बसणारी बाई लेकीच्या वयाच्या पोरीशी घडाघडा बोलते!

मात्र जायचं ते सहीआधी. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत लग्न झालेल्या मुलीलाही भावाइतकाच वाटा आहे. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र फिरवणं फार अवघड. जाताना सातबारा, रेशनकार्ड बरोबर घ्या. निघणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.