देवीच्या झोपेचं पंचांग

आयर्लंड 17 मार्चला संत पॅट्रिकचा दिवस साजरा करतं. या संताने बेटावरचे सगळे साप समुद्रात हाकलले, अशी तिथली आख्यायिका. हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नव्हते, तरी कथा टिकून आहे. आपल्या राखणदाराने आपल्यासाठी पराक्रम केला, ही श्रद्धा कुठल्याही मुलखाला हवीच असते. आमच्या ईट-भूमच्या पट्ट्यातही घरोघरी अशीच एक कथा सांगतात, तुळजाभवानीने मारलेल्या महिषासुराची. पण इथल्या लोकांनी एक पाऊल पुढचा विचार केला. एवढं युद्ध करून आई दमत नसेल का?

म्हणून तुळजापूरची देवी वर्षातून तीनदा झोपते. तिची अष्टभुजा पाषाणमूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. भाद्रपद वद्य अष्टमीला मूर्ती उचलून शेजघरातल्या पलंगावर निजवतात. ही घोरनिद्रा, युद्धाआधीची. घटस्थापनेच्या पहाटे देवी सिंहासनावर परतते. मग नऊ दिवस जागर, गोंधळ्यांचं संबळ, आराध्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा आणि ‘आई राजा उदो उदो’चा गजर.

दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन. मूर्तीला इजा होऊ नये म्हणून तिच्याभोवती साड्यांचे वेढे देतात, पालखीत बसवतात आणि कुंकवाच्या उधळणीत मंदिराला प्रदक्षिणा घालतात. ही पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते आणि पलंग घडतो थेट पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात. वाटेवरची गावं पलंगाचंही दर्शन घेतात. देवी अजून त्यावर टेकलेलीही नसते, तरी तो तिचाच! प्रदक्षिणा संपली की त्याच पलंगावर श्रमनिद्रा सुरू होते, ती कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत. तिसरी मोहनिद्रा पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधी. तिन्ही मिळून सुमारे 21 दिवस.

मला सगळ्यात थक्क करते ती गादीची तयारी. घोरनिद्रेआधी जुन्या गाद्यांमधला कापूस काढून मोकळा करतात, आणि तो हातांनी वेचायला बायका जमतात. बोटांना लागेल तेवढी गाठ सोडवायची, कचरा काढायचा, मगच गादी भरायची. आईच्या पाठीला काही टोचू नये! आणि नवरात्रात कितीतरी भक्त स्वतः गादी-पलंग सोडून जमिनीवर झोपतात, अनवाणी राहतात.

ज्या देवीकडे रक्षण मागायचं, तिचीच काळजी घेणारी ही भक्ती आहे. इथे देवी मोठी असूनही घरातली आहे. तिला थकण्याची मुभा आहे आणि विसाव्याचा हक्कही. घरच्या बाईला मात्र आपण तो हक्क पंचांगात लिहून दिलेला नाही. तुळजापूरला जाल तेव्हा सिंहासनाबरोबर शेजघरही आवर्जून पाहा आणि येताना हा विचार घरी घेऊन या.